काचेवरचा गोल

मुन्नोळी डॉक्टरांच्या नव्या गाडीत
नकाशा जन्मजातच आहे.
डॅशबोर्डात बसवलेला, जेवणाच्या ताटाएवढा,
बटण दाबलं की आपोआप उजळतो,
खड्ड्यात पडत नाही, उन्हात तापून बंद होत नाही,
रिव्हर्स टाकला की पाठीमागचंही दाखवतो.
कन्नडात बोलतो, शोरूममधूनच तसा लावून आलाय:
एडक्के तिरुगी.
एसीतून आल्यासारखा गार आवाज.

माझा असतो डब्याच्या पिशवीत,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेला.
तळहाताएवढा, एका कोपऱ्याला चीर.
संकेश्वरच्या एका ट्रकवाल्यानं
उधारी फिटली म्हणून हातात ठेवला होता.
काच पुसायची, रबराच्या वाटीला थुंकी लावायची,
दाबायचं, लायटरच्या भोकात वायर खुपसायची,
मग आभाळात उपग्रह हुडकत बसतो
हिंडलग्याचा गणपती मागं पडेपर्यंत.
त्यात एक बाई आहे, हिंदी बोलणारी.
येळ्ळूरला ती यल्लोर म्हणते,
कुद्रेमानीला तर नाव घ्यायचंच टाळते.

नवा बायपास तिला ठाऊक नाही.
तिच्या हिशेबानं मी रोज सकाळी
ऐंशीच्या वेगानं उभ्या उसातून जातो.
बिचारी ओरडत राहते, मागं फिर, मागं फिर,
आणि मी तिला म्हणतो, असू दे गं,
ऊस तुटला कवाच, रस्ता झालाय.

बाची सुटून शिनोळी आली
की मोठा पडदा टिंग करतो, महाराष्ट्र सांगतो.
बाहेर पाट्यांवरची अक्षरं
वेटोळी सोडून उभी राहतात.
माझी बाई गप्प. तिच्यापुरता रस्ता सरळ आहे.
पडद्यात आमचं गाव बेळगावी,
तिच्या पोटात अजून बेळगाव.
मला विचाराल तर
पार्किंगवाला दोन्हीकडं वीस रुपयेच घेतो.

डॉक्टर एकदा म्हणाले, मोनाप्पा,
एवढा मोठा पडदा असताना हे कशाला?
काच खराब होते.
म्हटलं, राहू दे की साहेब, सवय हाय.
खरं सांगायचं तर पडद्याला
हॉटेलं ठाऊक आहेत, पंप ठाऊक आहेत,
बँकेची एटीएमं तर झाडून सगळी.
पण चोर्ल्याच्या अलीकडं ड्रायव्हरला
फुकट जेवू घालणारी खानावळ,
निपाणीत कार्यालयाच्या मागं
लग्न लागून पंगती उठेपर्यंत
सावली न हलवणारी चिंच,
खानापुरात रात्री दोनला हाक मारली
तरी शिव्या न देता उठणारा पंक्चरवाला बसू,
हे सगळं तिच्याकडं. मीच बोटानं टिपलेलं.
यमकनमर्डीच्या एका वळणावर
नुसतं 'नको' असं लिहून ठेवलंय.
ते का, ते विचारू नका.

गाडी विकायला काढली
की पडद्याची पाटी पुसून देतात, कोरी.
मी पाच मालक केले.
सावकार, मठ, बांधकामवाला, कडोलकर मॅडम, आता हे.
दर वेळी हिशेब झाला की किल्ली टेबलावर,
वाटीची कड नखानं उचलायची,
फक् असा आवाज होतो,
आणि अख्खं तालुक्याचं ज्ञान पिशवीत.

परवा रेल्वे गेटला थांबलो होतो. धुकं.
शेजारी कडोलकर मॅडमची जुनी पांढरी गाडी,
स्टेअरिंगवर नवा पोरगा.
काच आतून धुकटलेली,
आणि आरशाच्या खाली, मधोमध,
माझा गोल.
पोरगा फडक्यानं घासत होता,
पुसायचा, बघायचा, परत पुसायचा.
मी काच खाली केली.
म्हटलं, पाण्यानं जायचा नाही तो. थुंकी लाव.
त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे,
मागं हॉर्न सुरू झाले होते.